चारचाकी फळा

मॅडम साडीवर स्टील प्लांटचे सेफ्टी शूज घालत. तपकिरी, जाड तळाचे, बोटांवर लोखंडी टोपी असलेले, भट्टीजवळ काम करणारे कामगार घालतात तसे. वर कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल आणि खाली हे बूट. भिलाईत असे बूट कोणाला नवे नाहीत, सकाळच्या पाळीला निम्मं शहर तेच घालून घराबाहेर पडतं. पण विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या बाईंच्या पायात ते दिसले की नवीन माणूस दचकायचा. मीही दचकले होते. मुलाखतीला गेले तेव्हा माझी नजर सारखी टेबलाखाली जात होती. त्यांनी ते पाहिलं आणि गणितातलं काही विचारायच्या आधी स्वतःच सांगून टाकलं.

"आपल्या पायावर कोणी पाय दिला तर दुखायले त्याचा पाहिजे. आपला कावून दुखावा?"

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. मी आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर दिलं. त्यांनी ड्रॉवरमधून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले. उत्तर चुकलं होतं हे मला फुटाणे चावताना कळलं, कारण तोवर त्यांनी ते फळ्यावर सोडवायला घेतलं होतं. तासावर मानधन घेणारी शिक्षिका म्हणून मला त्याच दिवशी ठेवून घेतलं गेलं.

पुढे कळलं की फुटाण्यांचा हा नियमच होता. चुकीचं का असेना, ठामपणे उत्तर देणाऱ्याला फुटाणे मिळत. बरोबर उत्तर कुजबुजत देणाऱ्याला त्या म्हणत, "काय म्हणून राहिली? भिंतीले सांगते का मले?" आणि तेच उत्तर उभं राहून पुन्हा म्हणायला लावत. वर्गातल्या काही मुली वर्षभर फुटाण्यांवाचून राहिल्या, आणि वर्ष संपताना त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायला लागला.

त्यांचे वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून प्लांट उभा राहत असताना इकडे आले आणि इथलेच झाले. मॅडम भिलाईतल्याच कैंप-१ या कामगार वस्तीत वाढल्या, रायपूरला रोज गाडीने जाऊन एम.एस्सी. झाल्या. नंतर रिसालीत स्वतःचं छोटं घर बांधून एकट्या राहिल्या. लग्न का नाही केलं असं कोणी विचारलं तर "तू कावून केलं?" असं विचारत, आणि समोरचा खरंच विचारात पडायचा.

त्यांना एक वाईट खोड होती. हाती आलेला कुठलाही कागद त्या लाल पेन्सिलीने तपासत. विद्यापीठाचं परिपत्रक आलं की चुका गोल करून, खाली गुण देऊन परत पाठवत. 'आशय चार, भाषा दोन. पुन्हा लिहावे.' माझ्या लग्नाची पत्रिकाही अशीच परत आली होती. दहापैकी सहा. माझ्या सासूबाईंना ते अजून टोचतं. पण मॅडम लग्नाला आल्या, पोटभर जेवल्या आणि आचाऱ्याला विचारून वरणाची कृती घेऊन गेल्या.

त्यांच्यासोबत काम करणं सोपं नव्हतं हेही सांगितलं पाहिजे. माझ्याबरोबर लागलेला एक तरुण शिक्षक दोन महिन्यांत सोडून गेला. मॅडमनी भर वर्गात त्याच्या हातातला खडू काढून घेतला होता, आणि त्याबद्दल त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. मलाही त्यांनी मुलांसमोर अनेकदा झापलं. मी टिकले, कारण मला नोकरीची गरज होती, आणि दुसरं कारण संध्याकाळची बॅच.

ही बॅच म्हणजे त्यांचा जीव की प्राण. विद्यापीठाचं शहरातलं केंद्र तेव्हा कैंप-१ मधल्या एका शाळेच्या भाड्याच्या खोल्यांत भरायचं. लहान मुलांची बाकं, त्यात मोठ्या माणसांचे गुडघे अडकायचे. दिवसभर काम करणारी माणसं दिवेलागणीला तिथे गणित शिकायला येत. प्लांटमधले तरुण, खासगी शाळांतले मास्तर, दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली. त्यांत हेमलता नावाची एक होती. कापडाच्या दुकानात काम करायची, नवरा ठेकेदाराकडे मजूर. सासूने शिकायला परवानगी दिली होती ती एका अटीवर, रात्री आठच्या आत घरात. हेमलता तास संपला की पळत जायची. मॅडम तिच्यासाठी तास पाच मिनिटं आधी सोडत आणि बाकीच्यांना शंका विचारायला थांबवून ठेवत, म्हणजे ती तास अर्धवट टाकून गेली असं वाटू नये.

एका वर्षी शाळेने खोल्या परत मागितल्या, आणि विद्यापीठाने पत्र काढलं की पुढच्या सत्रापासून शहरातलं केंद्र बंद होऊन शहराबाहेर अहिवाऱ्याच्या रस्त्यावरच्या नव्या आवारात जाईल. तिथे मोठं फाटक होतं, कारंजं होतं, मैदान होतं. तिथून शहराकडे येणारी शेवटची बस दिवेलागणीला निघायची. आमचा पहिला तास दिवेलागणीला सुरू व्हायचा.

मॅडमनी पत्राला दहापैकी एक गुण दिला आणि ते हातात घेऊन कुलसचिवांकडे गेल्या. मला सोबत नेलं. कुलसचिव आमच्याच नागपूरकडचे, स्वभावाने वाईट नव्हते, पण भांडण नको म्हणून काहीही कबूल करणारे आणि मग विसरणारे.

"मॅडम, तिथं जागाच जागा आहे," ते म्हणाले. "मोकळी हवा आहे."

"हवा खायले पोरी येत नाहीत साहेब. गणित शिकायले येतात."

"थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागते."

"कोणाले?"

कुलसचिवांनी चष्मा पुसला. "हे पहा ताई."

"ऑफिसात मी ताई नाही. घरी या, ताई म्हणा, चहा पाजीन. इथं सांगा, संध्याकाळची बस लावता का?"

"बसची तरतूद नाही."

"मग शहरात जागा द्या."

"शहरात कुठं आहे जागा? तुम्ही शोधून दाखवा, मी विचार करतो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी आम्हाला दारापर्यंत पोचवण्यासाठी म्हटलं होतं. मॅडमनी ते जपून घरी नेलं.

बाजाराजवळ एक तीनमजली पार्किंगची इमारत होती. एका व्यापारी शेठजींनी तिथे मोठं दुकानसंकुल काढायचं ठरवलं होतं. आधी पार्किंग बांधलं आणि संकुल काही झालंच नाही. लोक गाड्या रस्त्यावरच लावत. तळमजल्यावर थोड्या स्कूटर आणि सायकली उभ्या असत. वरचे मजले रिकामे, कबुतरांचे. मॅडम आपली मोपेड रोज तिथेच ठेवायच्या. एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "वर चल."

गाड्या चढण्यासाठी केलेल्या रुंद उतारावरून आम्ही चालत दुसऱ्या मजल्यावर गेलो. जमीन किंचित कललेली होती. छत बुटकं, बीमवर काळे-पिवळे पट्टे. बाजूंना भिंती नव्हत्या, कमरेएवढे कठडे होते, त्यांच्यावरून प्लांटच्या चिमण्या दिसत होत्या. मॅडमनी दोनदा टाळ्या वाजवून आवाज कसा घुमतो ते ऐकलं.

"खोलीले काय लागते? छप्पर आहे. खांब आहेत. भिंती नाहीत, त्या होतील."

"मॅडम, इथं?"

"जागा शोधून दाखवा म्हणाले न? दाखवली. विचार करणं आता त्याहीचं काम."

कुलसचिवांनी विचार केला नाही, ते हसले. शेठजींशी दीर्घ मुदतीचा करार करायचा, पार्किंगची युनिव्हर्सिटी करायची, हे त्यांना विनोदासारखं वाटलं. ते म्हणाले, "मॅडम, ते पार्किंग आहे. तिथं गाड्या ठेवता येतात. वर्ग नाही भरवता येत."

"फक्त गाड्या?"

"फक्त गाड्या."

शाळेतून आमचं सामान निघालं त्या आठवड्यात मॅडमनी कैंप-१ मधल्या एका सुताराला आमच्या मोठ्या लाकडी फळ्याला चौकट करून द्यायला सांगितली. त्या चौकटीला खाली चार चाकं लावली. भंगारवाल्याकडून आणलेली, एकाला रबर होतं, बाकीच्यांना नव्हतं. मग दिवेलागणीला त्या स्वतः फळा ढकलत बाजारातून निघाल्या. फळ्याची खडखड अशी होत होती की दुकानांतून लोक बाहेर येऊन पाहत होते. मी शरमेने एका बाजूने चालत होते. मॅडम मधोमध चालत होत्या आणि समोरून येणाऱ्या रिक्षांना हात दाखवून थांबवत होत्या.

पार्किंगच्या फाटकावर पावत्या फाडणारा भैया बसलेला असे. त्याने फळ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"मैडम, ए ह गाड़ी नो हे," तो म्हणाला. ही गाडी नाही.

"चार ठन चक्का हे. गिन ले."

भैयाने खरंच वाकून चाकं मोजली. मग विचारलं, हातठेल्याची पावती फाडू का. मॅडमना ते अपमानास्पद वाटलं. चार चाकं आहेत तर चारचाकीची पावती पाहिजे, मोटारीच्या भावाने. त्यांनी ती घेतली, पदराला पिन करून लावली आणि फळा वर ढकलला. मागोमाग विद्यार्थी आले. प्रत्येकाने आपली स्कूटर, मोटरसायकल, सायकल वर आणली होती, प्रत्येकाकडे पावती होती. गाड्या फळ्यासमोर ओळीने उभ्या राहिल्या आणि मुलं आपापल्या सीटवर बसली. हेमलता पायी यायची, तिच्याकडे गाडी नव्हती. तिला मॅडमनी आपल्या मोपेडवर बसवलं.

"गाड्या उभ्या आहेत तर लाइट लागेल," असं मॅडमनी खाली जाऊन भैयाला सांगितलं, आणि त्याने वरचे दिवे लावले. बरेच उडालेले होते. जेवढे लागले तेवढ्यांत मॅडमनी शिकवायला सुरुवात केली.

कललेल्या जमिनीची एक अडचण होती ती अर्ध्या तासात समजली. मॅडम एक सिद्धता लिहीत होत्या आणि फळा हळूहळू चालायला लागला. त्या लिहीत लिहीत त्याच्या मागे गेल्या. फळा खांबाला जाऊन टेकला तेव्हा सिद्धताही संपली. मुलं हसली. मॅडमनी मागे वळून विचारलं, "हा किती वेगानं गेला? काढा." आणि सगळ्यांना वही उघडायला लावली. दुसऱ्या दिवसापासून चाकाखाली वीट आली.

असे आमचे वर्ग बरेच दिवस चालले. पावसाळा नव्हता म्हणून निभावलं. कबुतरांची घाण रोज झाडावी लागे. थंडीत कठड्यावरून वारा यायचा, मुलं मफलर गुंडाळून बसत. मला सतत भीती वाटायची. माझी नोकरी तासांवर होती, तास नसले की पैसे नसत आणि हे तास तर कागदावर कुठेच नव्हते. मी एकदा ते मॅडमना म्हटलं. त्या म्हणाल्या, "भीती वाटते तर वाटू दे. पण तिले शिकवू नको देऊ." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. स्वतःची पक्की नोकरी असलेल्या माणसाला असं बोलणं सोपं असतं असं वाटलं. तरी मी दुसऱ्या दिवशी गेलेच.

मग कुलसचिव आले. एका संध्याकाळी आपल्या गाडीने आले, भैयाने त्यांना पावती दिली, ती त्यांनी निमूट घेतली, गाडी खाली ठेवून वर चालत आले. मॅडमनी ओळ पूर्ण लिहिली, मग खडू ठेवला.

"मॅडम, हे बंद करावं लागेल," ते म्हणाले. "मी तुम्हाला सांगतलं होतं, इथं वर्ग भरवता येत नाही."

"वर्ग कुठं आहे साहेब? गाड्या आहेत." मॅडमनी पदराची पावती दाखवली. मागे मुलांनीही आपापल्या पावत्या वर केल्या. "आपापल्या गाडीवर बसून माणसं बोलून राहिली. त्याले मनाई आहे का?"

"थट्टा नका करू. मला तुमच्यावर कारवाई करावी लागेल. निलंबित व्हाल."

"करा. मग मले दिवसाही वेळ मिळेल. सकाळची बॅच सुरू करीन."

कोणी हसलं नाही. कुलसचिवांचा चेहरा लाल झाला होता आणि मला वाटलं की आता हे खरंच होणार. तेवढ्यात मोपेडवरून हेमलता उतरली. ती वर्गात कधी बोलत नसे. फुटाणे न मिळालेल्यांत ती पहिली.

"सर, मुझे आठ बजे घर पहुँचना है," ती म्हणाली. "आपको रुकना है तो रुकिए. लेकिन क्लास चलने दीजिए."

कुलसचिव वळले आणि खाली गेले. मॅडमनी खडू उचलला. थोड्या वेळाने कुलसचिव परत वर आले. त्यांच्या गाडीच्या मागेपुढे बाजारातल्या लोकांच्या स्कूटर लागल्या होत्या, मालक आल्याशिवाय निघणार नव्हत्या. त्यांना खाली भैयाजवळ उभं राहायला लाज वाटली असावी. एका मुलाने आपल्या मोटरसायकलवर सरकून जागा करून दिली. विद्यापीठाचे कुलसचिव मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी पूर्ण तास ऐकला. मॅडमनी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तास संपायच्या पाच मिनिटं आधी हेमलता निघाली, आणि त्यांनी तिला जाताना पाहिलं.

निलंबनाचं पत्र आलं नाही. कुणा मुलाने काढलेला फोटो एका स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला, स्कूटरवर बसलेला वर्ग आणि समोर बूट घातलेल्या बाई. तो पाहून शेठजींनी स्वतः निरोप पाठवला की रिकामी इमारत कमी भाड्यात देऊन टाकतो, निदान कबुतरांपेक्षा बरं. विद्यापीठातल्या वरच्या लोकांना शरम वाटली की कौतुक, कोण जाणे. पण एक समिती नेमली गेली, आणि फाइल कुलसचिवांनीच हलवली असं मला नंतर कळलं. मॅडमना ते सांगितलं तर म्हणाल्या, "हलवलीच पाहिजे. त्याचा पगार आहे."

मग सुरू झालं ते इमारतीचं काम, आणि त्याहून मोठं म्हणजे मॅडम आणि आर्किटेक्ट यांचं भांडण. आर्किटेक्ट रायपूरचा, तरुण, हुशार, मऊ बोलणारा. त्याच्या नकाशात समोर काचेची भिंत होती, खांबांचा पोर्च होता, रुंद जिना होता. उतार पाडायचा होता. उतारामुळे इमारत गोडाऊनसारखी दिसते असं त्याचं म्हणणं.

मॅडम रोज सकाळी बांधकामावर जायच्या. पहिल्याच दिवशी गंमत झाली. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला हुकूम होता की सेफ्टी शूजशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही. त्याने आर्किटेक्टला चामड्याच्या चपला पाहून थांबवलं आणि मॅडमना सलाम करून आत सोडलं. आर्किटेक्टला बूट आणवून घ्यावे लागले. तोपर्यंत मॅडमनी मुकादमाशी ओळख करून घेतली होती.

आर्किटेक्टने त्यांना समजावलं की जिना सुंदर होईल, लिफ्टही बसवू. मॅडमनी विचारलं, लाइट गेली तर. तो म्हणाला, जनरेटर. डिझेल संपलं तर. तो म्हणाला, मॅडम, प्रत्येक गोष्ट अशी धरली तर काहीच बांधता येणार नाही.

हेमलता तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि तरी येत होती. आमचे वर्ग काम चालू असलेली बाजू सोडून पहिल्या मजल्यावर भरत. एका संध्याकाळी मॅडमनी आर्किटेक्टला थांबवून घेतलं आणि हेमलतासोबत उतारावरून वर चालायला लावलं. ती हळूहळू, कमरेवर हात ठेवून चालत होती, मध्ये कठड्याला टेकून उभी राहत होती, बोलत होती. वर पोचल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता हिले शेजारच्या दुकानाच्या जिन्यानं नेऊन दाखव. तेवढ्याच उंचीचा आहे." त्याने नेलं नाही. हेमलताकडे पाहून म्हणाला, "रहने दीजिए." पुढच्या नकाशात उतार होता.

सगळ्याच लढाया त्यांनी जिंकल्या असं नाही. तळमजला पूर्ण वर्गांसाठी हवा होता, तो कार्यालयांनी घेतला. खिडक्या खाली हव्या होत्या, बसलेल्या माणसाला बाहेर दिसेल अशा. त्या वर गेल्या. मुलींचं स्वच्छतागृह दूरच्या टोकाला गेलं, त्यावरून त्यांनी आर्किटेक्टशी चार दिवस बोलणं टाकलं होतं. गणिताला सगळ्यात वरचा मजला मिळाला, उन्हाळ्यात भट्टी. मी एकदा म्हटलं, हे आपण हरलो. त्या म्हणाल्या, "हरलो नाही. बाकी आहे." भागाकारातल्या बाकीसारखं त्या ते म्हणत, खाली लिहून ठेवायची आणि पुढे चालायचं.

इमारत पूर्ण व्हायच्या आत त्या निवृत्त झाल्या. मुदतवाढीचा अर्ज त्यांनी केला नाही, कोणी दिलीही नसती. निरोपाच्या कार्यक्रमात कुलसचिव शाल आणि नारळ घेऊन उभे राहिले, तर मॅडम माइकवर म्हणाल्या, "शाल नको. वरच्या मजल्यावर पंखे लावा." नारळ मात्र घेतला. पंखे सहा महिन्यांनी लागले.

उद्घाटनाला मॅडमना साधी पत्रिका गेली होती, व्यासपीठावर खुर्ची नव्हती. मी आता पक्क्या नोकरीत होते, माझ्याकडे पाहुण्यांना हार देण्याचं काम होतं. मंडप सगळ्यात वरच्या गच्चीवर घातला होता. मुख्य पाहुणे मोठे होते, अंगाने आणि पदानेही. ठरलं असं होतं की उतार रुंदच आहे, पाहुण्यांची गाडी थेट वर गच्चीपर्यंत न्यायची, म्हणजे त्यांना चालायचा त्रास नको. उताराच्या दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या.

गाड्यांची रांग फाटकातून आत आली. पुढे पोलिसांची, मग पाहुण्यांची. पोलिसांची गाडी उताराशी पोचली तेव्हा उताराच्या मधोमध मॅडम उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, पायात बूट, हात मागे बांधलेले. गाडीने हॉर्न दिला. त्या हलल्या नाहीत. कुलसचिव धावत आले, मीही हार घेऊन तिथेच होते.

"मॅडम, बाजूला व्हा. उद्घाटन आहे."

"कशाचं?"

"म्हणजे?"

"पार्किंगचं असेल तर जाऊ द्या गाडी. युनिव्हर्सिटीचं असेल तर नाही जाणार."

एक पोलीस पुढे आला. त्याने मॅडमच्या दंडाला हात लावला आणि मला वाटलं आता काहीतरी वाईट होणार. हातातला हार तसाच धरून मी मॅडमच्या शेजारी जाऊन उभी राहिले. विचार करून नव्हे, पायच तिकडे गेले. मग आमचे दोनतीन जुने विद्यार्थी आले. हेमलता आली, कडेवर तिची मुलगी होती. पोलिसाने हात काढला.

पाहुण्यांनी काच खाली केली. "क्या बात है?"

मॅडम गाडीजवळ गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, अब यहाँ गाड़ियाँ नहीं चढ़तीं. बच्चे चढ़ते हैं. आप भी चलिए, मैं साथ चलती हूँ."

पाहुण्यांनी वर पाहिलं, उताराकडे, झेंडूकडे, आमच्याकडे. मागच्या गाड्यांमधून माणसं उतरायला लागली होती. शेवटी त्यांनी दार उघडलं. मॅडम त्यांच्या बाजूने, त्यांच्या गतीने चालल्या. दोनदा ते दम घ्यायला थांबले, तेव्हा त्याही थांबल्या आणि कोणती खोली कशाची ते त्यांना दाखवत होत्या. मागून सगळा लवाजमा पायी. भाषणात पाहुणे म्हणाले की विद्येच्या ठिकाणी पायीच यायचं असं त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. टाळ्या पडल्या. मॅडम मागच्या रांगेत हेमलताच्या मुलीला फुटाणे सोलून देत होत्या.

गाड्यांना मनाई असल्याची पाटी पुढच्या आठवड्यात उताराच्या पायथ्याशी लागली. कोणाच्या हुकमाने ते मला माहीत नाही.

त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात मी रिसालीला त्यांच्याकडे गेले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय उशीवर, शेजारी वॉकर. मी सहज सांगितलं की विद्यार्थी कमी झाले म्हणून संध्याकाळची बॅच बंद करायचा प्रस्ताव आहे, सोमवारी बैठक आहे. सांगितल्यावर लक्षात आलं की सांगायला नको होतं.

"रिक्षा बोलाव," त्या म्हणाल्या.

"मॅडम, बैठक सोमवारी आहे. आज शनिवार."

"मग सोमवारी बोलाव."

"डॉक्टरांनी महिनाभर पाय टेकायचा नाही म्हणून सांगतलं न. मी जाते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चांगली मोठी झाले होते, केस पांढरे व्हायला लागले होते, तरी मला मुलाखतीच्या दिवसासारखं वाटलं.

"जाशील?"

"हाव. जाईन."

"चहा दिला तर पिजो. पण बसजो नको. बसलं का माणूस ऐकून घेते."

सोमवारी मी गेले. नवे कुलसचिव तरुण होते, अदबीने बोलणारे. त्यांनी खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, उभी बरी आहे. त्यांनी आकडे सांगितले, खर्च सांगितला, मी दिवसभर दुकानांत आणि कारखान्यांत उभ्या राहणाऱ्यांची नावं सांगितली, एकेक करून. त्यांनी पुन्हा खुर्ची दाखवली. चहा आला, मी तो उभ्यानेच घेतला. बैठकीला आलेले दोघे माझ्यामुळे अवघडून स्वतःही उभे राहिले. पाय भरून आले होते. शेवटी कुलसचिव म्हणाले, ठीक आहे, यंदा चालू ठेवू, पुढच्या वर्षी पुन्हा पाहू.

बाहेर येऊन मी मॅडमना फोन लावला.

"काय झालं?"

"चालू राहील म्हणाले. यंदापुरती."

"बसली होती का?"

"नाही."

"मग पुढच्या वर्षीही राहील," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.